एस्टिमेट की कोटेशन, मार्जिन की मार्कअप? सारख्या वाटणाऱ्या इंग्रजी शब्दांतला रुपयांचा फरक



या आठवड्याच्या व्हिडिओत फळ्यावर इंग्रजी शब्दांच्या जोड्या लिहिल्या होत्या आणि प्रत्येक जोडीखाली फरक रुपयांत काढून दाखवला होता. व्हिडिओत गणितं भराभर पुढे जातात, म्हणून इथे ती सावकाश मांडतोय. वही-पेन घेऊन बसा. कॅल्क्युलेटर मोबाइलमध्ये आहेच.

आधी एक स्पष्ट करतो. हा इंग्रजी सुधारायचा क्लास नाही. इंग्रजी बोलता येत नाही म्हणून कुणाचा धंदा अडलाय, असं मला तरी वाटत नाही. आपल्या उद्यमनगरात इंग्रजीचं एक वाक्य न बोलता इंग्रजी ड्रॉइंग वाचून अचूक जॉब काढणारे कारागीर आहेत. अडचण वेगळीच आहे. कोटेशन, मार्जिन, गॅरंटी, ॲडव्हान्स हे शब्द आता आपले मराठीच झालेत. पण ते घेताना आपण अर्थ सैल घेतला. दोन वेगळे शब्द एकाच अर्थाने वापरायची सवय लागली. बोलण्यात ते चालतं. पण समोर बँक असते, मोठी कंपनी असते, जीएसटीचा अधिकारी असतो किंवा वकील असतो, तेव्हा तो शब्द घट्ट अर्थाने वाचला जातो. आपण सैल अर्थाने सही केलेली असते, आणि मधला फरक आपल्या खिशातून जातो.

यावर माझी एक साधी युक्ती आहे. इंग्रजी शब्दाला जुना मराठी व्यवहारातला शब्द शोधा. बऱ्याच वेळा इंग्रजीत दोन शब्द सारखे वाटतात, पण मराठीत ते स्वच्छ वेगळे असतात.

अंदाजपत्रक आणि दरपत्रक

पहिलीच जोडी बघा. एस्टिमेट म्हणजे अंदाजपत्रक. कोटेशन म्हणजे दरपत्रक. सरकारी ऑफिसं "दरपत्रके मागविण्यात येत आहेत" अशी नोटीस लावतात, तिथे कुणी अंदाज मागत नाही. दर मागतात. दिलेला दर मान्य झाला की तो पाळायचा असतो.

समजा तुमचं फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे. एका बंगल्याच्या गेटचं काम आलं. तुम्ही लेटरहेडवर वर "कोटेशन" छापून खाली ८०,००० रुपये लिहून दिले. गिऱ्हाइकानं "मान्य" म्हणून सही केली. पंधरा दिवसांनी लोखंडाचा भाव वाढला, वर गिऱ्हाइकानं डिझाइनमध्ये दोन पट्ट्या वाढवल्या. तुम्ही ९२,००० चं बिल केलं. आता तो म्हणणार, दादा, तुमच्याच हाताचं ८०,००० आहे. आणि कायद्याच्या भाषेत त्याचं म्हणणं वजनदार आहे. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे, आणि त्याचा पायाच हा आहे: एकाने प्रस्ताव दिला, दुसऱ्याने तो जसाच्या तसा स्वीकारला, की वचन तयार झालं. ठरावीक काम, ठरावीक रक्कम आणि सही असा कागद म्हणजे जवळजवळ वचनच.

तोच कागद "अंदाजपत्रक" असता आणि खाली "प्रत्यक्ष वजन आणि त्या दिवशीच्या दराप्रमाणे फरक पडेल" एवढी एक ओळ असती, तर बोलायला जागा राहिली असती.

मग नेहमी एस्टिमेटच द्यायचं का? नाही. एस्टिमेट देणाऱ्याला मोठी ऑर्डर मिळत नाही. खरेदी विभागाला पक्का आकडा लागतो, त्याशिवाय त्यांची फाइल पुढे सरकत नाही. म्हणून कोटेशन द्या, पण त्याला कुंपण घाला. किती दिवस लागू आहे ते लिहा, माल कुठे पोहोच आहे ते लिहा, डिझाइन बदललं तर जादा दर कसा लागेल ते लिहा. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांची कोटेशनं बघा. कास्टिंगचा दर किलोवर असतो, आणि कच्च्या मालाचा भाव हलला तर दर कसा बदलायचा हे बहुतेक अनुभवी लोक आधीच ठरवून घेतात. त्यांनी ते पुस्तकात वाचलेलं नसतं. बाजारानं शिकवलेलं असतं.

एस्टिमेटचा आपल्या बाजारात आणखी एक उद्योग चालतो, तोही बोलून टाकू. दुकानात "एस्टिमेट" छापलेलं छोटं पॅड असतं आणि त्यावर झालेल्या विक्रीचं कच्चं बिल दिलं जातं. कागदावर नाव काहीही छापा, माल दुकानाबाहेर गेला आणि पैसे आले म्हणजे ती विक्रीच. अंदाज हा काम होण्याआधी असतो. झालेल्या व्यवहाराचा कसला अंदाज?

या कागदांची पुढची भावंडंही ओळखून ठेवा. प्रोफॉर्मा इन्व्हॉइस हा बिलाचा नमुना असतो. गिऱ्हाइकाला ॲडव्हान्स पाठवायला किंवा बँकेतून मशिनरीचं कर्ज मंजूर करून घ्यायला त्याचा उपयोग होतो. पण त्यावर जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, त्याला टॅक्स इन्व्हॉइसच लागतं. आणि तुम्ही कंपोझिशन योजनेत असाल तर टॅक्स इन्व्हॉइस द्यायचंच नाही, बिल ऑफ सप्लाय द्यायचं. गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घ्यायचा नाही, आणि आपण कंपोझिशनमध्ये आहोत, कर आकारू शकत नाही, हे त्या बिलावर लिहायचं. कंपोझिशनमधल्या दुकानानं बिलावर जीएसटीची वेगळी ओळ दाखवणं ही साधी चूक नाही, नियमभंग आहे.

कोटेशनमधली अजून एक बारीक जागा. दर "इन्क्लुझिव्ह" आहे की "एक्सक्लुझिव्ह", म्हणजे करासकट की कर वेगळा, हे लिहिलं नाही तर भांडण ठरलेलं. आणि करासकट किमतीतून कर काढताना अनेक जण भलतंच गणित करतात. १८ टक्के धरून ११८० रुपयांच्या करासकट किमतीत कर किती? ११८० चे १८ टक्के म्हणजे २१२ रुपये ४० पैसे, असं उत्तर येतं ते चुकीचं. मूळ किंमत १०००, कर १८०. भागायचं १.१८ ने. गुणायचं नाही.

मार्जिन आणि मार्कअप: इथे थांबून वाचा

या एका जोडीवर मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण इथे प्रामाणिकपणे कष्ट करणारा माणूस तोट्यात जातो आणि त्याला कळतही नाही.

समजा तुम्ही चप्पल बनवून विकता. एका जोडाला कातडं, मजुरी, वाहतूक, पॅकिंग धरून ६०० रुपये खर्च येतो. तुम्ही ठरवलं, ४० टक्के मार्जिन ठेवायचं. ६०० चे ४० टक्के २४०, म्हणून किंमत लावली ८४०.

हे मार्जिन नाही. हा मार्कअप आहे. मार्कअप खर्चावर मोजतात, मार्जिन विक्रीच्या किमतीवर. २४० भागिले ८४० केलं तर मार्जिन येतं साधारण २८.६ टक्के. तुम्हाला वाटतंय ४०, हातात आहे २८.६.

आता पुण्या-मुंबईच्या एका शोरूमवाल्यानं किंवा ऑनलाइन पोर्टलनं सांगितलं, आमचं कमिशन ३० टक्के. तुम्ही मनात हिशेब केला: आपले ४०, त्याचे ३०, राहिले १०. चालतंय की! पण त्याचे ३० टक्के कशावर आहेत? विक्रीच्या किमतीवर. ८४० चे ३० टक्के झाले २५२. तुमच्याकडे नफा होता २४०. प्रत्येक जोडामागे १२ रुपये तोटा. ५०० जोडांची ऑर्डर आली म्हणून पेढे वाटले, आणि ६,००० रुपये घरातून घातले. शिवाय परत आलेला माल वेगळा.

खरंच ४० टक्के मार्जिन हवं असेल तर गणित असं: खर्च भागिले ०.६०. म्हणजे ६०० भागिले ०.६० बरोबर १०००. आता ३० टक्के कमिशन ३०० गेले तरी तुमच्या हातात १०० उरतात. मार्जिन ३० टक्के हवं तर ०.७० ने भागा, २५ हवं तर ०.७५ ने. शंभरातून मार्जिन वजा करा, त्या टक्क्यानं खर्चाला भागा. बाकी काही नाही.

सेलच्या बोर्डाचंही तसंच. खर्चावर ५० टक्के चढवून किंमत लावली आणि दिवाळीत ३३ टक्के सूट दिली, तर काय उरतं बघा. १०० चे १५० केले, १५० चे ३३ टक्के म्हणजे जवळजवळ ५० गेले, परत १०० वर आलात. वर्षभराचा नफा सुटीतच सोडला.

आणि गंमत म्हणजे बँकेत गेलात की मार्जिनचा अर्थच बदलतो. बँकेचा साहेब "तुमचं मार्जिन किती?" असं विचारतो तेव्हा तो तुमचा नफा विचारत नसतो. प्रकल्पात तुम्ही स्वतःचे किती पैसे घालणार, हे विचारत असतो. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या कागदपत्रांत तर "मार्जिन मनी" हा शब्द सरकार देत असलेल्या अनुदानासाठी येतो, आणि स्वतःच्या वाट्याला वेगळा शब्द आहे. ते अनुदानही लगेच हातात पडत नाही, तुमच्या नावाने बँकेत ठेव म्हणून अडकवून ठेवतात. एकाच टेबलावर एकाच शब्दाचे तीन अर्थ. तेव्हा लाजू नका, विचारा: साहेब, मार्जिन म्हणजे नेमकं कुठलं म्हणताय?

बँकेच्या टेबलावर

तिथे बसलोच आहोत तर दोन जोड्या उरकू. त्यातली एक फार महाग आहे.

फ्लॅट रेट आणि रिड्युसिंग रेट. एक लाखाचं कर्ज, एक वर्ष, १२ टक्के. दोन्हीकडे १२ च म्हणतात. फ्लॅटमध्ये पूर्ण लाखावर पूर्ण वर्षाचं व्याज लागतं: १२,०००. महिन्याचा हप्ता ९,३३३. रिड्युसिंगमध्ये जसजशी मुद्दल फिटते तसतसं व्याज उरलेल्या मुद्दलावर लागतं. हप्ता साधारण ८,८८५, आणि वर्षभराचं एकूण व्याज सुमारे ६,६२०. म्हणजे फ्लॅटचे १२ टक्के हे रिड्युसिंगच्या भाषेत साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतात. वाहनाचं किंवा मशीनचं कर्ज देणारा एजंट "फक्त १२ टक्के" म्हणाला की पुढचा प्रश्न हाच विचारायचा. टाळाटाळ झाली तर हप्ता गुणिले महिने करा, त्यातून कर्जाची रक्कम वजा करा. खरा आकडा समोर येतो.

दुसरी जोडी: विटनेस आणि गॅरंटर. मराठीत साक्षीदार आणि जामीनदार. मराठीत म्हटलं की कुणाचा गोंधळ होत नाही, बघा! पण इंग्रजी फॉर्मवर बाणाची खूण करून "दादा, इथं एक सही करा, फॉर्म्यालिटी आहे" म्हटलं की मित्राखातर, पाहुण्याखातर सही होऊन जाते. साक्षीदार फक्त एवढंच सांगतो की माझ्यासमोर सही झाली. जामीनदार सांगतो की यानं नाही भरले तर मी भरीन. करार कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. अर्धी नाही, नंतरची नाही. "आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या" हे म्हणणं सहसा टिकत नाही. पतसंस्था आणि बँका थेट जामीनदाराला नोटीस काढू शकतात आणि काढतात. धंदा सुरू करताना हे दोन्ही बाजूंनी लागू होतं. तुमच्यासाठी कुणी जामीन राहत असेल तर त्यालाही नीट सांगा की तो नक्की काय लिहून देतोय. नात्यात नंतर कडवटपणा येण्यापेक्षा ते बरं. कुणाला नाही म्हणणं जड जात असेल, तर एवढा एक फॉर्म घरी आणून शांतपणे वाचायची सवलत तरी घ्या.

हीच गॅरंटी दुकानात येते तेव्हा वेगळं रूप घेते. बाजारात आपण म्हणतो, गॅरंटी म्हणजे वस्तू बदलून मिळणार, वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून मिळणार. हा बाजाराचा संकेत आहे, कायद्याची व्याख्या नाही. करार कायद्यातली गॅरंटी म्हणजे वर सांगितला तो तीन माणसांचा जामीन: देणेकरी, घेणेकरी आणि जामीनदार. वस्तूच्या बाबतीत १९३० चा मालविक्री कायदा "कंडिशन" आणि "वॉरंटी" अशी जोडी करतो, आणि ही जोडी फार कामाची आहे. कंडिशन म्हणजे व्यवहाराचा गाभा असलेली अट. ती मोडली तर माल नाकारता येतो. वॉरंटी म्हणजे जोडीची हमी. ती मोडली तर नुकसानभरपाई मागता येते, पण माल परत करता येत नाही.

समजा घरी सिंगल फेज लाइन आहे, म्हणून तुम्ही मुद्दाम सिंगल फेजची पिठाची चक्की ऑर्डर केली, तसं लिहून दिलं, आणि आली थ्री फेजची. अट मोडली. परत. पण चक्की सांगितलेलीच आली आणि एका बाजूचा रंग महिन्यात उडाला, तर ती हमीची गोष्ट झाली. म्हणून तुमच्यासाठी जे सगळ्यात महत्त्वाचं आहे ते ऑर्डरमध्ये "ही मुख्य अट आहे" अशा शब्दांत लिहा. आणि तुम्ही विकणारे असाल तर हमीपत्रात काय बदलून देणार, काय दुरुस्त करणार, किती दिवसांत आणि येण्या-जाण्याचा खर्च कुणाचा, एवढं मराठीत लिहा. "फुल गॅरंटी" हे दोन शब्द छापून स्वतःला अडकवू नका.

रिसीव्ह्ड की ॲक्सेप्टेड?

आता सही-शिक्क्याची जोडी. मिळाला आणि स्वीकारला यांत फरक आहे, तो चलनाच्या खालच्या कोपऱ्यात असतो.

आधी घेणाऱ्याच्या बाजूनं. टेम्पो आला, ड्रायव्हर घाईत आहे, पन्नास पोती उतरवायचीत. चलनावर "चांगल्या स्थितीत मिळाले" असं आधीच छापलेलं असतं. न उघडता सही केली. मालविक्री कायद्यात माल एकदा स्वीकारला की मुख्य अट मोडलेली असली तरी सहसा तो नाकारता येत नाही, फक्त भरपाई मागता येते. आणि स्वीकार हा फक्त सहीनं होत नाही. तुम्ही काही न कळवता माल वाजवीपेक्षा जास्त काळ ठेवून घेतला, किंवा आपलाच समजून वापरायला लागलात, तरी तो स्वीकार धरला जातो. म्हणून सही करताना हातानं लिहा: "फक्त नग मोजून घेतले, तपासणी बाकी." मग लवकर तपासा आणि काही चुकलं असेल तर व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी कळवा.

आता देणाऱ्याच्या बाजूनं, कारण इथे आपल्या भागातली कितीतरी छोटी युनिट्स अडकतात. माल मोठ्या कंपनीला गेला. पैसे मागितले की उत्तर येतं, "अजून क्वालिटीनं ॲक्सेप्ट केलेला नाही." दोन महिने, तीन महिने. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात याला सरळ उत्तर आहे. माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदारानं लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोहोचला त्याच दिवशी स्वीकारला असं मानलं जातं. म्हणजे कंपनीच्या कॉम्प्युटरवर "ॲक्सेप्टेड" कधी पडतं याला अर्थ नाही. तिथून पैशांची मुदत सुरू. लेखी करार नसेल तर १५ दिवस. लेखी करार असेल तर त्यात ठरेल ती, पण ४५ दिवसांच्या पुढे नाही. करारात ९० दिवस लिहिलं असलं तरी कायदा ४५ च मानतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज.

यात तीन गोष्टी ध्यानात घ्या. हे संरक्षण सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आहे, मध्यमला नाही. उद्यम नोंदणी माल देण्याआधीची हवी. आणि नुसता खरेदी-विक्रीचा व्यापार करणाऱ्याला ते मिळत नाही, उत्पादन किंवा सेवा असली पाहिजे. तक्रार ऑनलाइन पोर्टलवरून सुविधा परिषदेकडे जाते. आता कुणी म्हणेल, सर, कंपनीवर तक्रार केली तर पुढची ऑर्डर कोण देणार? खरं आहे. म्हणूनच मी म्हणतो, तक्रार हे शेवटचं हत्यार ठेवा, पण कागद पहिल्या दिवसापासून तयार ठेवा. माल पोहोचल्याची तारीख आणि सही असलेलं चलन, बिलावर उद्यम क्रमांक. सोळाव्या दिवशी एक नम्र मेल: "आपल्याकडून हरकत आलेली नाही, तरी माल स्वीकृत समजत आहोत." एवढ्यावर भांडण होत नाही, आणि अनेकदा पेमेंट हलतं.

कोल्हापुरी, आणि कोल्हापुरीवरून सुचलेली

शेवटची मोठी जोडी आपल्या पायातली आहे: ट्रेडमार्क आणि जीआय.

ट्रेडमार्क म्हणजे एका धंद्याची खूण. तुमच्या आजीच्या नावानं मसाला काढला, ते नाव नोंदवलं, ते तुमचं. दहा वर्षांनी नूतनीकरण करा, हवं तर विका. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन. ते एका माणसाचं नसतं, एका भागातल्या सगळ्या उत्पादकांचं असतं आणि ते विकता येत नाही. कोल्हापूरचा गूळ, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ यांना ते आहे. कोल्हापुरी चपलेला डिसेंबर २०१८ मध्ये मिळालं, आणि ते फक्त कोल्हापूरपुरतं नाही: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे. नोंदणी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे, आपल्याकडचं लिडकॉम आणि तिकडचं लिडकर.

शब्दांचा फरक किती महाग असतो हे जून २०२५ मध्ये सगळ्या जगानं बघितलं. मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं कोल्हापुरीसारख्याच चपला दाखवल्या आणि त्यांना नुसतं "लेदर सँडल्स" म्हटलं. कोल्हापूरचं नाव नाही. इथे संताप झाला, तेव्हा कंपनीनं महाराष्ट्र चेंबरला पत्र लिहून भारतीय हस्तकलेची प्रेरणा मान्य केली. जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन गेली. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, ती फेटाळली गेली. कारण नोंदीच्या एका शब्दात होतं: जीआयचे "रजिस्टर्ड प्रोप्रायटर", म्हणजे नोंदणीकृत मालक, याचिका करणारे नव्हते. ते हक्क सांगायला महामंडळं येऊ शकत होती. मग डिसेंबर २०२५ मध्ये लिडकॉम आणि लिडकरबरोबर प्राडाचा करार झाला. सुमारे २,००० जोड, एकाची किंमत ८०० युरोच्या आसपास, असं जाहीर झालं. आता त्या उपक्रमाच्या नावातले शब्द बघा: "मेड इन इंडिया" आणि "इन्स्पायर्ड बाय कोल्हापुरी चप्पल्स". भारतात बनवलेली, कोल्हापुरीवरून प्रेरित. "कोल्हापुरी चप्पल" असं सरळ म्हटलेलं नाही. वकिलांनी तोलून घेतलेले शब्द आहेत ते.

तुम्हाला यातून काय घ्यायचं? चपलेच्या धंद्यात उतरत असाल आणि या आठ जिल्ह्यांत ठरलेल्या पद्धतीनं माल बनवत असाल, तर "ऑथराइज्ड यूजर" म्हणून स्वतःची नोंद करून घ्या. मालक महामंडळं आहेत, पण अधिकृत वापरकर्ता कारागीर होऊ शकतो. सुभाषनगरातल्या कारागिराला हा कागद दुकानाच्या पाटीपेक्षा जास्त उपयोगी आहे, विशेषतः बाहेर माल पाठवताना. "कोल्हापुरी" हा शब्द स्वतःचा ट्रेडमार्क करायला जाऊ नका, गावाचं नाव असं एकाला मिळत नाही. त्याच्यावर स्वतःचं वेगळं नाव लावा आणि ते नोंदवा. आणि रेक्झिनची चप्पल विकायची असेल तर खुशाल विका, पण तिला कोल्हापुरी म्हणू नका.

नाव नोंदवताना आणखी एक जोडी येते: नावापुढचं टीएम आणि वर्तुळातला आर. टीएम म्हणजे हे नाव मी खूण म्हणून वापरतोय. अर्ज केल्यावर, अगदी न करताही लावता येतं. वर्तुळातला आर फक्त नोंदणी पूर्ण झाल्यावर. लेबल डिझाइन करणारा पोरगा शोभेसाठी आर टाकून देतो. नोंदणी नसताना ती झाल्याचं दाखवणं ट्रेडमार्क कायद्यात गुन्हा आहे. छापखान्यात लेबल जाण्याआधी बघून घ्या.

उरलेल्या जोड्या, भराभर

ॲडव्हान्स, अर्नेस्ट मनी आणि डिपॉझिट: आगाऊ रक्कम, विसार आणि अनामत. आगाऊ रक्कम हा किमतीचाच भाग. विसार हा सौदा पक्का असल्याची खूण, मोडणाऱ्याचा बुडू शकतो. अनामत परत द्यायची असते. मंडपवाले, केटरिंगवाले, हॉलवाले यांनी पावतीवर तीनपैकी नेमका शब्द लिहावा, नाहीतर लग्न मोडलं की तुमच्या ऑफिसात दुसरं भांडण सुरू होतं.

बेस्ट बिफोर आणि एक्स्पायरी: लोणची, चटण्या, भडंग पॅक करणाऱ्या ताईंसाठी. बेस्ट बिफोर म्हणजे तोवर चव आणि दर्जा उत्तम. एक्स्पायरी किंवा यूज बाय म्हणजे त्यानंतर खाऊच नका. २०२० च्या लेबलच्या नियमांत एक्स्पायरी किंवा यूज बाय ही तारीख मुख्य केली, बेस्ट बिफोर जोडीला ऐच्छिक आहे. जुनं लेबल तसंच छापत असाल तर पुढच्या छपाईआधी बदला.

ग्रॉस वेट आणि नेट वेट: हुपरीच्या चांदीवाल्यांना हे शिकवायची गरज नाही, खडे-मिना धरून वजन आणि निव्वळ चांदीचं वजन ते झोपेतही वेगळं सांगतील. पाकिटावर मात्र नेट म्हणजे आतला माल, पिशवी सोडून.

टर्नओव्हर आणि प्रॉफिट यांवर स्वतंत्र व्हिडिओ आधीच आहे, तो बघा.

आता या आठवड्याचं काम. तुमचं कोटेशनचं लेटरहेड, बिलबुक, चलन आणि मालाचं लेबल हे चार कागद समोर ठेवा. वरच्या शब्दांपैकी जे दिसतील त्यांच्याखाली पेन्सिलनं रेघ मारा आणि शेजारी मराठी शब्द लिहा. जिथे मराठी शब्द लिहिताना हात अडेल ती जागा फोटो काढून कमेंटमध्ये पाठवा, फक्त गिऱ्हाइकाचं नाव आणि नंबर झाकून. त्यातले निवडक कागद पुढच्या भागात घेऊ. विषय आहे डेबिट नोट आणि क्रेडिट नोट, आणि तिथे कोण कुणाला काय देतो यावरच निम्मा वेळ जाणार आहे.